हंड्यातला चुना आणि पावसाचा जुना हिशोब

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 मैत्रिणींनो, आम्ही सावली तालुक्यातला एक बचत गट. आज आम्ही लोणच्या-पापडाचं किंवा कर्जाच्या फॉर्मचं बोलणार नाही. आज बोलायचं आहे पाण्यात जमणाऱ्या चुन्याबद्दल. तुम्ही म्हणाल, यात काय बोलायचं? पण ऐका तर खरं. या चुन्याची गोष्ट आमच्या धानाच्या बांधीपासून सुरू होते, परदेशात जाऊन येते आणि पुन्हा आमच्याच पाटावर येऊन थांबते.

गेल्या हंगामात धान निसवायच्या वेळेला पावसाने दडी मारली. तलावात पाणी होतं. तुडूम उघडलं, पाणी पाटात सुटलंही. पण पाटाच्या शेपटाकडच्या बांध्यांपर्यंत ते पोचलंच नाही. पाटात गाळ, बेशरमाची झुडपं आणि वरच्या लोकांनी घातलेले मातीचे बांध. आमच्या गटातल्या दोघींच्या बांध्या त्या टोकाला आहेत. लोंब्या पोचट राहिल्या. एकीने रोवणीसाठी गटातूनच कर्ज घेतलं होतं, तिचे हप्ते थकले. मग बैठकीत व्हायचं तेच झालं, वाद. कोणी म्हणालं पावसाचा दोष, कोणी म्हणालं पाटाचा दोष. आमच्या गटातल्या आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी असं नव्हतं. मृग म्हणजे मृगच लागायचा. हे सगळं आताचं आहे."

आजींचं म्हणणं खरं की नाही, हे ठरवायचं कसं? गावात पावसाची जुनी वही कोणाकडेच नाही. तेव्हा आमच्यातल्या एकीची मुलगी, जी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते, ती म्हणाली, "आई, वही आहे. पण ती दगडात आहे." आम्ही हसलो. मग तिने समजावून सांगितलं, आणि आम्हाला वाटलं की हे सगळ्या गटांनी ऐकलं पाहिजे.

आधी घरातली गोष्ट. बोअरचं पाणी रोज ज्या गंजात तापवता, त्याच्या तळाला पांढरी खरपुडी धरते ना? घासून घासून हात दुखतात. तो चुना आहे. पाऊस पडतो, पाणी मातीत मुरतं. मातीत मुळं आणि कुजणारा पालापाचोळा असतो, तिथला कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात मिसळतो आणि पाणी किंचित आंबट होतं. असं आंबूस पाणी चुनखडीतून, कंकरातून वाहताना थोडा चुना विरघळवून सोबत घेतं. हेच आपलं जड पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. पाणी तापलं किंवा उघड्या हवेत वाहत राहिलं की तो वायू उडून जातो. मग पाण्याला चुना धरून ठेवता येत नाही आणि तो भांड्याला चिकटतो. पटत नसेल तर घरी करून बघा. त्या खरपुडीवर लिंबाचा रस पिळा. बुडबुडे येतील. ते बुडबुडे त्याच वायूचे. म्हणूनच चिंचेचं पाणी किंवा लिंबू रात्रभर ठेवलं की खरपुडी सुटते, तारेची घासणी लागत नाही.

आता हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर बघू. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी युरोपात रोमन लोकांचं राज्य होतं. शहराला पाणी पुरवायला ते डोंगरातल्या झऱ्यांपासून दगडी पाट बांधत. पंप नाही, वीज नाही. नुसता उतार इतका नेमका काढायचा की पाणी आपोआप शहरात पोचावं. आज जर्मनीत असलेल्या कोलोन शहराला आयफेल डोंगरातून असा पाट आणला होता. त्याची लांबी सुमारे ९५ किलोमीटर. इ.स. ८० च्या सुमारास तो सुरू झाला आणि इ.स. २६० च्या आसपासपर्यंत वाहिला. झऱ्याचं पाणी चुन्याचं होतं. म्हणून पाटाच्या आतून वर्षानुवर्षं चुन्याचे थर बसत गेले. काही ठिकाणी थराची जाडी वीतभराच्या वर गेली. पुढे पाट बंद पडला, आणि शेकडो वर्षांनी लोकांनी तो चुना कापून काढला, घासून चकचकीत केला आणि संगमरवरासारखा चर्चच्या खांबांना वापरला. विचार करा, आपल्या गंजातली खरपुडी देवळाच्या खांबाला लागली!

आता यातली खरी गंमत. तो चुना आडवा कापला की त्यात रेघा दिसतात, झाडाच्या बुंध्यात असतात तशा. उन्हाळ्यात पाणी वेगळं असतं, हिवाळ्यात वेगळं. म्हणून एक थर फिका आणि एक गडद अशी जोडी बसते. बऱ्याच ठिकाणी अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. थर मोजले की पाट किती वर्षं वाहिला ते कळतं. थरांची तपासणी केली की कोणत्या वर्षी पाणी जास्त होतं, कोणत्या वर्षी कमी, ऊन कसं होतं, याचा अंदाज बांधता येतो. ज्या शेतकऱ्यांनी एक अक्षर लिहून ठेवलं नाही, त्यांच्या काळचा ओला-कोरडा हिशोब पाटाच्या भिंतीवर चिकटून राहिला.

पण आम्हाला त्याहून एक वेगळी गोष्ट मनाला लागली. फ्रान्समध्ये काहोर नावाचं गाव आहे, त्याचं जुनं नाव दिवोना. तिथल्या रोमन पाटातल्या चुन्याचा अभ्यास झाला. त्या चुन्यात ८८ वर्षांचे थर सापडले, आणि त्या थरांमध्ये अवजारांचे घाव सापडले. म्हणजे लोक पाटात उतरून चुना खरवडून काढत होते. घाव कितव्या थरावर आहेत ते मोजलं. साफसफाई दर एक ते पाच वर्षांनी होत होती असं निघालं. कोण साफ करत होतं त्याची नावं राहिली नाहीत. पण काम केलं होतं, हे दगडाने सांगितलं.

आणि दुसरं उदाहरण त्याच्याही पुढचं. आज ज्याला इस्तंबूल म्हणतात त्या शहराचा पाट ४२६ किलोमीटर लांबीचा होता. तो सातशे वर्षांहून जास्त चालला. इतक्या वर्षांत केवढा चुना जमायला हवा? पण अभ्यासकांना सापडला तो फक्त शेवटच्या २७ वर्षांचा. बाकीचा कुठे गेला? काढून टाकला होता. कित्येक पिढ्या लोक तो पाट नेमाने साफ करत राहिले, म्हणून तो सातशे वर्षं वाहिला. एका ठिकाणी तर सुमारे ५० किलोमीटरपर्यंत एकावर एक असे दोन पाट बांधलेले आहेत. बहुधा एक साफ करताना दुसऱ्यातून पाणी चालू राहावं म्हणून. शहराला तहानलेलं न ठेवता सफाई करायची, हा विचार त्यांनी बांधकामातच करून ठेवला होता.

हे ऐकून आमच्यातली एक पटकन म्हणाली, "आणि आपला पाट किती वर्षांनी साफ होतो?" कोणीच बोललं नाही.

आता परदेशातून आपल्याकडे येऊ. असे पाट आपल्या मुलखातही आहेत. जळगाव जिल्ह्याला लागून मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर आहे. तिथे १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना तिथे सुभेदार असताना, सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणलं. रांगेने विहिरीसारख्या कुंड्या आणि त्या खालून एकमेकींना जोडलेल्या. त्याला कुंडी भंडारा किंवा खुनी भंडारा म्हणतात. खाली उतरलं की भिंतींवर चुन्याचे पांढरे थर दिसतात. आपल्या छत्रपती संभाजीनगरला मलिक अंबरने बांधवलेली नहर-ए-अंबरी आहे. तीही त्याच काळातली, जमिनीखालून पाणी आणणारी. आणि तिथेही गोष्ट तीच: पाणी आणणं एकदाच करायचं काम असतं, पण पाण्याची वाट मोकळी ठेवणं हे दर वर्षीचं.

पण आजींच्या प्रश्नाचं उत्तर या पाटांत नाही. ते सापडलं आपल्या शेजारच्या बस्तरात.

भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या मिळतात, हे आपल्याला माहीत आहे. त्यातली इंद्रावती येते जगदलपूरकडून. त्या जगदलपूरजवळ कांगेर घाटीच्या जंगलात चुनखडीच्या गुहा आहेत. कुटुमसरची गुहा तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिथेच दंडक नावाची गुहा आहे. गुहेच्या छतातून पाणी थेंब थेंब गळतं, आणि थेंबातला चुना खाली साचून दगडाचा खांब वर वाढत जातो. पाटातल्या चुन्याचं जे, तेच इथे. फरक इतकाच की गुहेत कोणी साफ करायला जात नाही. म्हणून शेकडो वर्षांचे थर जसेच्या तसे राहतात.

आशिष सिन्हा आणि त्यांच्या सोबतच्या शास्त्रज्ञांनी दंडक गुहेतला असा एक खांब तपासला आणि २००७ साली त्याचा निष्कर्ष छापला. त्या एका दगडात इ.स. ६०० पासून १५०० पर्यंतच्या, म्हणजे नऊशे वर्षांच्या पावसाळ्यांची नोंद मिळाली. दगडाचं वय काढायला त्यातलं अगदी थोडं युरेनियम मोजतात. ते ठरलेल्या वेगाने दुसऱ्या मूलद्रव्यात बदलतं, त्यावरून थर किती जुना ते कळतं. आणि पाऊस कसा होता ते कळतं ऑक्सिजनवरून. पाण्यातला ऑक्सिजन थोडा जड आणि थोडा हलका असा दोन प्रकारचा असतो. आपण सुपात धान पाखडतो तेव्हा भरलेला दाणा खाली राहतो आणि पोचट उडतो. ढगातही काहीसं तसंच होतं, जड पाणी आधी गळून जातं. पाऊस भरपूर आणि लांबलचक पडला की पुढे पडणाऱ्या पाण्यात हलक्याचा वाटा वाढतो. तो वाटा चुन्याच्या थरात टिकून राहतो. थरात जड ऑक्सिजन जास्त निघाला, तर तो पावसाळा कमजोर होता असं समजतात.

काय निघालं त्यातून? चौदाव्या शतकात आणि पंधराव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात पावसाळा पुन्हा पुन्हा कमजोर पडला होता. एखाद-दुसरं साल नाही, ओळीने कित्येक सालं. आणि आपल्या महाराष्ट्रात दुर्गादेवीच्या दुष्काळाची जी आठवण सांगतात, तो १३९६ ला सुरू झालेला आणि बारा वर्षं चाललेला दुष्काळ, तो याच काळातला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी उपाशी माणसांसाठी बादशहाचं कोठार उघडलं, ती कथाही पंधराव्या शतकातलीच. लोकांनी तोंडातोंडी जे सांभाळलं आणि दगडाने जे सांभाळलं, ते एकमेकांशी जुळलं.

आम्ही हे आजींना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पाऊस पहिल्यापासूनच असा आहे तर. मग आपण उगाच आताच्या काळाला दोष देतो?"

तसंही नाही, बायांनो. इथे घाई करून चालणार नाही. जुन्या काळीही पाऊस दगा देत होता, हे खरं. पण आता त्यात नवीन भर पडली आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस मात्र वाढला नाही. म्हणजे पाणी येतं धो धो, दोन-चार दिवसांत, आणि मग लांब उघाड. आपला अनुभव तरी दुसरं काय सांगतो? आजींचं म्हणणं अर्धं खरं होतं आणि वाद घालणारीचंही अर्धं.

मग अशा पावसात आधी लोक जगले कसे? आपल्या झाडीपट्टीत त्याचं उत्तर आपल्या डोळ्यासमोर आहे. तलाव आणि बोड्या. चांद्याच्या गोंड राजांच्या राज्यात तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची चाल होती, तिला तुकूम म्हणत. कोहळी समाजाने भंडारा-गोंदियापासून आपल्यापर्यंत हजारो तलाव उभे केले. आपल्याकडे पाऊस वर्षाला हजार मिलीमीटरच्या वर पडतो, पण तो हवा तेव्हा पडत नाही. तलाव म्हणजे पडलेला पाऊस उघाडीच्या दिवसांसाठी राखून ठेवायची जागा. पाळ, तुडूम आणि पाट दुरुस्त ठेवणं हे ज्यांच्या बांध्यांना पाणी मिळतं त्यांचं काम होतं, दर उन्हाळ्यात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. म्हणूनच आपण त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणतो. मालगुजारी गेली ते चांगलंच झालं. पण तिच्याबरोबर "पाट माझा आहे, तो मी उपसणार" ही सवयही सुटत गेली. आता प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो.

आमच्या गटाने यंदा काय ठरवलं ते सांगतो. पहिलं, पाटाची सफाई दोनदा. एकदा रोवणीच्या आधी आणि एकदा धान निसवायच्या आधी. कामाला फक्त शेपटाच्या बाया नाहीत, डोक्याकडच्या घरांतूनही एकेक माणूस. यावरून बरीच बोलाचाली झाली. "आम्हाला पाणी मिळतंच, आम्ही का यावं?" असं काही जण म्हणाले. आम्ही इतकंच म्हटलं, पाट तुंबला की पाणी तुमच्या बांधीत साचून राहतं, तुमचंही धान सडतं. त्यांना ते माहीत होतंच. पहिली सफाई झाली आहे. सगळे आले असं नाही, पण निम्म्याहून जास्त घरं आली. पाटाच्या पक्क्या दुरुस्तीचा ठराव ग्रामसभेत मांडला आहे. जिचे हप्ते थकले होते, तिला गटाने पुढच्या धानापर्यंत मुदत दिली, दंड लावला नाही. चूक तिची नव्हती.

दुसरं, आम्ही वही सुरू केली. तुम्ही म्हणाल, दगड नोंद ठेवतोच आहे की. पण बघा, नोंद तिथेच उरते जिथे कोणी साफ केलं नाही. आपल्याला तर पाट साफ ठेवायचा आहे. त्यात काहीच साचू द्यायचं नाही. मग नोंद आपणच लिहायला हवी. वहीत आम्ही चार गोष्टी लिहितो: रोजचा पाऊस, रोवणीची तारीख, विहिरीतल्या पाण्याची खोली आणि पाट साफ केल्याचा दिवस.

पाऊस मोजायला महाग यंत्र लागत नाही. सरळ बाजूंची, पारदर्शक बरणी घ्या. खाली-वर सारखीच रुंद हवी, गळ्याशी निमुळती नको. मोकळ्या जागी, झाड आणि छपरापासून दूर, वाऱ्याने पडणार नाही अशी विटांमध्ये बसवा. रोज सकाळी साडेआठला मुलांच्या पट्टीने आतलं पाणी मोजा. जितके मिलीमीटर पाणी, तितके मिलीमीटर पाऊस. लिहा आणि बरणी रिकामी करा. हवामान खातंही सकाळी साडेआठलाच मोजतं, म्हणजे आपले आकडे त्यांच्याशी ताडून बघता येतात. आणि हे लक्षात ठेवा: एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तुमच्या घराचं छप्पर १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असेल, तर १० मिलीमीटर पावसात त्यावर ५०० लिटर पाणी पडतं. ते किती वाहून गेलं याचा हिशोब ज्याने त्याने करावा. विहिरीसाठी दोराला हातभर अंतरावर गाठी मारा, खाली दगड बांधा आणि महिन्यातून एकदा सोडून बघा. गाठी मोजायला शिक्षण लागत नाही. आमच्या आजीच ते काम करतात.

शेवटची एक गोष्ट, आणि ही विसरू नका. गंजातला पांढरा चुना दिसतो म्हणून आपण घाबरतो. त्याने सहसा अपाय होत नाही. अपाय करतं ते न दिसणारं फ्लोराइड. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते आढळलं आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर जास्तीत जास्त दीड मिलिग्रॅमपर्यंत, त्यापुढे नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले, मोठ्यांची कंबर-गुडघे आखडायला लागले, तर पाणी तपासा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिक्षण आणि तपासणीची पेटी द्यायची तरतूद आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण आहेत, पेटी कुठे आहे, हे पुढच्या बैठकीत विचारा. नसेल तर ग्रामपंचायतीत लेखी मागा. आणि तपासणीचा आकडाही त्याच वहीत लिहा.

मैत्रिणींनो, यंदा धान निसवायच्या आधी आमची दुसरी सफाई आहे. तोवर पावसाने पुन्हा दडी मारली तर पाणी शेपटापर्यंत पोचतं की नाही, ते आम्ही वहीत लिहू आणि इथे येऊन तुम्हाला सांगू. पोचलं नाही तरी सांगू. तुमच्या गावात पाऊस मोजायला सुरुवात केलीत तर तुमचे आकडे आम्हाला कळवा. शेजारच्या दोन गावांत एकाच दिवशी पाऊस किती वेगळा पडतो, ते आपण मिळून बघू.